भुऱ्याचं डावं शिंग

२ जुलै २०२५, बुधवार

आज पुन्हा तेच. रिठदच्या स्टँडवर स्कूटी लावली आणि पानटपरीमागे बांधलेली शेळी मला बघून अशी बोंबलली की टपरीवाला बाहेर धावत आला. मी तिला हातसुद्धा लावला नव्हता! मागे एकदा लस टोचली होती, बस्. तेवढं बरोबर लक्षात ठेवलंय बयेनं.

लखीराम हसून हसून वाकडा. लखीराम म्हणजे इथल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्याचा परिचर. जनावर धरायचं, औषधं काढून द्यायची आणि मधून मधून मला टोमणे मारायचे, ही त्याची कामं. म्हणतो, मॅडम, या गावात पोलिसाले कोणी भेत नाई, तुमाले मात्र सारे भेतात.

मीही हसले. पण संध्याकाळी रिसोडला खोलीवर आले, चहा टाकला, आणि तो पीत पीत एकदम वाईटच वाटायला लागलं. ढोरांची डॉक्टर कशासाठी झाले मी? जनावरं आवडतात म्हणून. आणि आता एवढ्या गावांत एक जनावर असं नाही, जे मला बघून दोन पावलं पुढे येईल. सगळी मागेच जातात. म्हशी, वासरं, कुत्री — सगळी! मालकाला सोडून माझ्याकडे बघतात ती फक्त पळायला जागा कुठे आहे ते बघायला.

धनजला घरी, आमच्या गोठ्यात सुरम्या होता, बाबांचा बैल. डोळ्यांत सुरमा घातल्यासारखे काळेभोर काठ. मी त्याच्या पाठीला टेकून अभ्यास करायचे आणि तो मान वळवून माझी मान चाटायचा. जीभ अशी खरखरीत की कातडं लाल व्हायचं, आई ओरडायची. त्या जिभेपायी डॉक्टर झाले, असं कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. म्हणून इथे लिहिते.

६ जुलै, रविवार

आईचा फोन. बदलीचं काय झालं? अर्ज टाकलाय, म्हटलं, बघू. कारंजा तालुका मागितलाय, म्हणजे धनज जवळ. आई म्हणाली, "तिथं तुयं कोन हाय? इथं मी तं हावो."

खरंच आहे. इथे माझं कोण आहे?

८ जुलै, मंगळवार

डोकं फिरलंय.

गावाच्या खालच्या अंगाला ज्यांचा गोठा आहे, ते ग्यानबामामा बैल घेऊन आले. भुरकट पांढरा, नाव भुऱ्या. डोकं एका बाजूला कललेलं, डाव्या नाकपुडीतून रक्त, आणि डावं शिंग हात लावला तर हलतंय. मामांना वाटलं झाडाला घासून दुखावलं असेल, म्हणून हळद-तेल बांधत होते. जवळ गेले आणि वास आला. तो वास आला की दुसरं काही शोधायला नको. शिंगाचा कॅन्सर.

सांगितलं, मुळापासून काढावं लागेल. आत्ता काढलं तर बैल वाचेल, थांबलात तर डोक्यात उतरेल.

मामांनी भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मॅडम, पोळ्याले एका शिंगाचा बैल कसा उभा करू? जोडीतला हाय तो."

मी तडकले. म्हटलं, पोळ्याला बैल तरी राहील का ते बघा आधी! मामांनी कासरा सोडला आणि बैल घेऊन गेले. लखीराम म्हणाला, अशा बोलण्यानं कोणी ऐकत असते काय. मी त्याच्यावरही ओरडले.

आता वाटतंय, मामा चुकीचं काय बोलले? पूजाबिजा ते करत नाहीत, पण दर पोळ्याला दोन्ही बैलांची शिंगं निळी रंगवतात, तोरणाखाली उभ्या सगळ्या बैलांत त्यांचीच जोडी लांबून ओळखू येते. लखीरामनं सांगितलं हे. आणि मी काय बोलून बसले!

१० जुलै, गुरुवार

विमलमावशी, ग्यानबामामांची बायको, सकाळी एकटीच बैल ओढत आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. नवरा रुसून वावरात गेलाय म्हणाली.

"तुमी कापा वो माय. मले शिंग नाई पाह्यजे, बैल पाह्यजे."

दवाखान्यासमोर निंबाखाली आमचा लोखंडी खोडा आहे, जनावर हलू नये म्हणून ज्यात उभं करतात तो. भुऱ्या आत जायला तयार नव्हता. चौघं लागली ढकलायला. शिंगाच्या मुळाशी भुलीची सुई दिली, शिंग कापायची तार लावली, आणि तेवढ्यात मामा धावत आले! वावरातून थेट, पायात चप्पल नाही. भुऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटपर्यंत धरून उभे राहिले. डोळे मिटलेले होते त्यांचे.

भुऱ्याचे उघडे होते. एक डोळा सारखा माझ्यावर. दुखत नव्हतं त्याला, मला माहीत आहे, भूल चांगली लागली होती. पण काहीतरी होतंय आणि ते ही बाई करतेय, एवढं त्याला कळत होतं.

शिंग खाली पडलं तेव्हा मावशीनं ते पदरात घेतलं. कुजकं, घाण, तरी पदरात!

१४ जुलै, सोमवार

शिंग आतून पोकळ असतं, थेट कपाळात उघडतं. ते काढलं की बोट जाईल असं भोक राहतं. ते भरून येईपर्यंत रोज धुवायचं, औषध भरायचं, पट्टी बांधायची. म्हणजे रोज मी त्याला दुखवणार.

आज खोड्यात असं डोकं फिरवलं की उरलेलं शिंग माझ्या बरगडीत. श्वास घेताना कळ येतेय. लखीराम म्हणाला, "बैल इसरत नाई मॅडम. शिंग कापनारीले तं कदीच नाई."

१७ जुलै

अळ्या झाल्या! पावसाळ्यातली माशी एक दिवस थांबत नाही. टर्पेंटाइनचा बोळा घातला, चिमट्यानं एकेक काढली. भुऱ्या थरथरत होता. स्कूटीवर रडून घेतलं.

२० जुलै, रविवार

सुट्टी, तरी गेले. पट्टीला सुट्टी नसते.

एक गोष्ट सापडली. पट्टी झाली की लगेच सोडायचं नाही. गळ्याखाली जी कातड्याची पोळी लोंबते, तिथे खाजवत बसायचं. पहिल्यांदा अंग चोरतो, मग थांबतो. थांबतो म्हणजे आवडतं असं नाही, खोड्यात आहे, जाईल कुठे? तोवर मी बोलत असते. काय वाटेल ते. आईचं, बदलीचं, मेसच्या वरणाचं. आज विनोदचंही बोलले.

विनोदबद्दल मी माणसांशी बोलत नाही. चार वर्षं झाली वेगळं होऊन. भांडण नाही, मारझोड नाही, काहीच नाही. लोक विचारतात, मग काय झालं? काय सांगू! जेवायला बसलो की म्हणायचा, हात धुतलेस का? धुतलेले असायचे. साबणानं, लिंबानं. तरी म्हणायचा, तुझ्या हाताला वास येतो. मग तो आधी जेवून घ्यायला लागला. मग पलंगाच्या कडेला सरकायला लागला. आणि मग नागपूरला बदली करून घेतली, एकट्याची.

भुऱ्याला हे सगळं सांगितलं. तो रवंथ करत होता.

२३ जुलै, बुधवार

मामा म्हणतात, "तुमच्या गाडीचा आवाज आला का खुट्याभोवती फिरते, दावं वढते."

दोन किलोमीटरवरून ओळखतो म्हणे माझी स्कूटी! एवढी भीती?

२७ जुलै, रविवार

आज मी जे केलं ते कुठल्याही डॉक्टरनं करू नये. लिहायलाही लाज वाटतेय.

ठरवलं, आज डॉक्टर म्हणून जायचंच नाही. पट्टी सकाळी लखीरामला करायला लावली. मी डाळीच्या पिठानं हात घासले, केसही धुतले. स्कूटी शाळेपाशी ठेवली, चालत मामांच्या गोठ्यावर गेले. बॅग नाही, ॲप्रन नाही. मावशीला म्हटलं, तुमचं एक लुगडं द्या नेसायला. तिनं तोंडाकडे पाहिलं, पण दिलं. शेणाचा, चुलीचा वास असलेलं. ते नेसून, हातावर ज्वारीची भाकर घेऊन, पदर डोक्यावरून ओढून, मी भुऱ्यापुढे गेले. अगदी मावशीसारखी वाकत!

त्यानं मान पुढे केली. नाक हातापर्यंत आणलं.

आणि मग फुर्रर करून असा मागे सरला की भिंतीला ढुंगण आपटलं. भाकर शेणात.

मावशी हसत हसत खाली बसली. डोळ्यांतून पाणी काढत हसली. मग माझा हात हातात घेऊन हुंगला आणि म्हणाली, "हाताले दवाखान्याचाच वास येते वो पोरी. धुतल्यानं जात नसते तो."

मी पण हसत होते. ती "वास येते" म्हणाली आणि माझं हसू कुठे गेलं कळलंच नाही. मावशीनं बहुतेक पाहिलं. हात सोडला नाही तिनं, धरूनच ठेवला, आणि दुसऱ्या हातानं चुलीवर चहा ठेवला.

२ ऑगस्ट, शनिवार

डवरणीचे दिवस, पिकातलं तण काढायचे. भुऱ्याला जुंपता येत नाही, म्हणून मामा दुसऱ्याचा बैल मागून कबऱ्यासोबत डवरा हाकताहेत. कबऱ्या म्हणजे जोडीतला दुसरा, ठिपक्यांचा. तो त्या पाहुण्या बैलासोबत सरळ चालतच नाही म्हणे, सारखा डावीकडे बघतो. डावीकडे भुऱ्या असायचा.

बैलांनासुद्धा जोडी लागते. घ्या!

९ ऑगस्ट

जखम छान भरतेय. गुलाबी, स्वच्छ. स्वतःचीच पाठ थोपटली. दुसरं कोण थोपटणार?

१६ ऑगस्ट, शनिवार

शेवटची पट्टी. भोक बुजलं, वर कातडं आलं. लखीराम खोड्याचा अडसर काढत होता, मी म्हटलं थांब जरा. गळ्याखाली खाजवत बसले. कितीतरी वेळ. मामा घाईत होते, तरी थांबले.

अडसर काढला तसा भुऱ्या निघून गेला. मागे वळून बघितलंही नाही. बैल तो, का बघेल? मी मात्र बघत राहिले, निंबापासून पार वळणापर्यंत.

उद्यापासून त्याला दुखवायचं नाही. हे चांगलंच झालं ना? मग काहून एवढं रिकामं वाटून राह्यलं मले!

१८ ऑगस्ट, सोमवार

बदलीचा आदेश आला. कारंजा तालुकाच मिळाला. पहिल्या तारखेला इथला चार्ज द्यायचा. आईला सांगितलं, ती फोनवरच रडली. आनंदानं.

मी पेढे आणले. लखीरामनं एक खाल्ला, बाकीचे तसेच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोळ्याची आदली संध्याकाळ. मामांनी गोठ्यावर बोलावलं होतं, बैलांचे खांदे शेकायला. वर्षभर जू वाहिलेले खांदे, त्यांना तूप-हळद चोळून पळसाच्या पानानं शेकतात. मामांनी दोघांचेही खांदे शेकले. भुऱ्यानं तर दीड महिना जू पाहिलंही नाही, तरी त्याचे जास्त वेळ.

मग मामा बैलांसमोर हात जोडून वाकले आणि माणसाला द्यावं तसं त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. मावशी मागून म्हणाली, "हिले बी द्या." मामा माझ्याकडे वळले. तसेच वाकून, तसेच हात जोडून मलाही तेच म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलांच्या रांगेत तिसरी मी!

खूप हसलो. बदलीचं सांगायचं होतं, सांगितलंच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

भुऱ्याचं उजवं शिंग निळं झगझगीत. आणि डावीकडे? मावशीनं निळ्या कापडाची टोपी शिवली होती! गोंडा लावलेली, हनुवटीखाली नाडी. कबऱ्याला दोन निळी शिंगं, भुऱ्याला एक शिंग आणि एक टोपी. तोरणाखाली पोरं हसली. कोणीतरी ओरडलं, अर्धा बैल आला. ग्यानबामामांनी छाती अशी पुढे काढली, जशी काही सगळ्या गावाच्या बैलांना दोन शिंगं असणं हीच चूक आहे. "एक शिंग गेलं, बैल पुरा हाय," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

मी पुरणपोळी नेली होती. पहाटे उठून केलेली, जरा जाडच झाली. ढोलताशे थांबले, बैल घरोघर निघाले, तेव्हा मामांच्या दारात भुऱ्यापुढे धरली.

त्यानं तोंड फिरवलं.

मामा पटकन म्हणाले, गर्दीनं बावरला हाय. मावशीनं माझ्या हातातली पोळी घेतली आणि पुढे केली. घेतली त्यानं. तीच पोळी! बोटांपर्यंत चाटून घेतली तिची.

चांगलं वाटल्यासारखं दाखवलं मी. जेवलेही पोटभर. पण आता लिहितेय तर लिहूनच टाकते. मला कोणीतरी पाहिजे. माणूस असो नाही तर बैल असो. मी आले की ज्याला बरं वाटेल असं. बस् एवढंच पाहिजे, आणि तेच नाही. दुखणं काढून घ्यायला सगळे बोलावतात. दुखणं गेलं की माझं काम संपलं.

जेवताना बदलीचं सांगितलं. मावशीचा घास हातातच राहिला. मामा उठून उगाच बैलांना पाणी दाखवायला गेले.

२७ ऑगस्ट, बुधवार

सामान बांधतेय. काय सामान! दोन पेट्या आणि गॅस.

दवाखान्याचं कंपाउंड असतं तर बरं झालं असतं असं सारखं वाटायचं, गुरं आत येतात, पोरं खोड्यावर लोंबकळतात. आता जाताना वाटतं, राहू दे उघडंच.

३० ऑगस्ट, शनिवार

केनवडला शेवटचं लसीकरण. सगळ्या शेळ्या बोंबलल्या. म्हटलं, बाई गं, चालले मी आता, नीट राहा.

मामांच्या गोठ्यावरून आले, पण थांबले नाही. त्याला उगाच का घाबरवायचं? आत दावं ओढल्याचा आवाज आला. स्कूटीचा वेग वाढवला.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी दवाखान्यावर पोचले तर लखीराम बाहेरच उभा. नुसतं बोट दाखवलं.

खोड्यात भुऱ्या उभा होता. एकटा. अडसर नाही, कोणी धरलेलं नाही. तुटलेलं दावं गळ्यात लोंबत होतं.

वाटलं, पुन्हा दुखतंय म्हणून आला. धावले. जखम पाहिली, कोरडी. अळी नाही, सूज नाही. ताप पाहिला, पोट पाहिलं, खूर उचलून पाहिले. काहीच नाही. मी उठून उभी राहिले तसा त्यानं गळा वर केला, गळ्याखालची पोळी माझ्या खांद्याला घासली, आणि मी खाजवायला हात नेला तो हातच चाटायला लागला. कितीही धुतला तरी वास न जाणारा. खरखरीत जीभ, अगदी सुरम्यासारखी.

मामा धापा टाकत वळणावरून येताना दिसत होते. तेवढ्यात नवे डॉक्टर चार्ज घ्यायला आले. मी म्हटलं, बसा जरा, पेशंट आहे.

"काय झालंय त्याला?"

मी गळ्याखाली खाजवत राहिले. लखीरामनंच उत्तर दिलं.

"काई नाई जी. असाच आला."